दाराकडचा कांदा

नवमीला त्या घरात कांदा चिरला गेला नाही. परसाच्या पलीकडं माळावर नव्या गोदामात दोन घरांचा कांदा डोक्यावर जाईल एवढा भरलेला, आणि स्वयंपाकघरात क्रांती बिनकांद्याच्या आमटीला चव कशी आणावी म्हणून आलं-मिरी ठेचत होती. ती आदल्या दिवशी गारगोटीहून आली होती. आईला जाऊन वर्ष पुरं झालं नव्हतं, तेव्हा म्हाळ घालायचा नाही हे ठरलेलंच होतं. पण तानाबाई कपाळाचं कुंकू घेऊन गेलेली, आणि पितृपंधरवड्यातली नवमी अशाच बायकांची. निदान एक सवाष्ण जेवायला बसवू, तिची ओटी भरू, एवढा हट्ट लेकीनं धरला. सवाष्ण लांबून आणायची गरज नव्हती. तानाबाईची धाकटी जाऊ चिमणाबाई पलीकडच्या दारातच राहायची.

चिमणाबाई पाटावर बसली, खिरीचा पहिला घास घेतला, आणि तिचाच नवरा आकाराम बुट्टीभर कांदा घेऊन सोप्यात आला. त्यानं बुट्टी थोरल्या भावाच्या, पिराजीच्या पुढ्यात उपडी केली.

"बघ आण्णा. तुझ्या पोराच्या दवाखान्यातला पेशंट."

पिराजी खांबाला टेकून बसला होता. त्यानं एक कांदा उचलला. बोटभर हिरवा कोंब, बुडाला पांढऱ्या मुळ्या. दुसऱ्याच्या सालीवर काजळी धरली होती, ती अंगठ्याला लागली. त्यानं अंगठा धोतराला पुसला आणि कांदा परत खाली ठेवला. 

गोदामाला दवाखाना हे नाव पिराजीनंच पाडलं होतं. पोरगा उदयसिंह कोल्हापुरातल्या कारखान्यातली नोकरी सोडून गावी आला आणि गार-गरम वाऱ्याचं गोदाम बांधायचं म्हणाला, तेव्हा पिराजी म्हणाला होता, कांदा काय दवाखान्यात ठेवायचा का, चाळ हाय की आपली. बांबूच्या फटीतून चारी बाजूंनी वारा खेळणारी चाळ त्यानं बापाच्या हाताखाली बांधली होती आणि जन्मभर त्यात कांदा टिकवला होता. जेवढा टिकायचा तेवढा टिकायचा, उरलेला सडायचा, ते धरूनच चालायचं. पण तानाबाई चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "न्हाय. बांधू दे त्याला." पिराजीला तोंडावर न्हाय म्हणणारं त्या घरात एवढं एकच माणूस होतं. गोदाम बांधलं गेलं. त्याचं छत चढायच्या आत, माघात, तानाबाई गेली.

तेव्हापासून घरातली सगळी पिराजीशी दबक्या आवाजात बोलत. जेवायला काय करायचं, तुम्ही म्हणाल तसं. म्हैस विकायची का, तुम्ही म्हणाल तसं. पिराजी काही म्हणत नसे, मग तेच त्याचं म्हणणं धरून कामं होत.

उदयसिंह आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि उपडा केलेला कांदा बघून तिथंच थांबला. हा सगळा कांदा काकांचा, दाराकडचा, हे त्यानं बघताक्षणी ओळखलं. आत भिंतीपासून पिराजीचा कांदा होता, मध्ये फळ्यांची आडभिंत, आणि दाराच्या बाजूला आकारामचा. आकारामचा कांदा मागनं आला म्हणून पुढं भरला गेला, एवढंच त्यात होतं. पण आकाराम म्हणत होता की घरचं पोर बापाचा कांदा आत ठेवतं आणि चुलत्याचा उंबऱ्यावर, हे काय आजच कळलं नाही.

मग उदयसिंहनंही मनातलं काढलं. तो म्हणाला, काका, तुमचा कांदा आला तेव्हाच त्याच्या माना पुऱ्या वाळल्या नव्हत्या. आपला कांदा उपटला तसा पात कापून सरळ आत ओतला होता. खाली चर, चरावर फटी ठेवलेल्या फळ्या, फटीतून वर गरम वारा. मान चिमटीत धरली की कागदासारखी वाजेपर्यंत वारा चालू ठेवला आणि मग हळूहळू ऊब उतरवली. तुम्ही शेतातच ओळी घातल्या, वळवानं गाठलं, ताडपत्रीखाली घामेजला, आणि तसाच आणून घातलासा.

"माझ्या कांद्याच्या माना तू मला दावू नगंस," आकाराम म्हणाला. "एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर, असा झाकून वाळवलेला हाय. तुझ्या आईनं शिकवलेलं हाय ते. तू पाळण्यात हुतास तवा."

हे खरं होतं. तानाबाई लग्न होऊन आली तेव्हा आकाराम चड्डी घालून शाळेत जात होता. त्याची आई आधीच गेलेली. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून कांद्याची ओळ कशी घालायची इथपर्यंत सगळं वैनीनं केलं. कांदा ज्यानं त्यानं लावला तरी दोघा भावांचं रान आजवर एकत्र राहिलं तेही तिच्यामुळं. वाटणीचा शब्द निघाला की ती म्हणायची, आधी मला वाटा, मग रान वाटा.

क्रांती पळी हातात घेऊनच बाहेर आली. तिनं आधी काकाची बाजू घेतली. नारळी पौर्णिमेला आले तेव्हाच म्हणत होते मी, गोदाम फोडा म्हणून. तेव्हा काढला असता तर हा कोंब दिसला असता का. उदयसिंहनं मोबाइल तिच्यापुढं धरला. गोदामातला ओलावा त्यावर दिसायचा, रेघ वर गेली की वाढला, खाली आली की उतरला. सगळा दिवस सरळ जाणारी रेघ दुपारी जेवणं झाली की डोंगरासारखी वर चढायची आणि कलत्या उन्हाला उतरायची. पाऊस लागल्यापासून रोज. कंपनीचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला, एक भाग बदलला, म्हणाला मशीन ठीक आहे. उदयसिंहनं त्याला फोनवर नको ते सुनावलं होतं. भावाचं तोंड उतरलेलं बघून क्रांतीचं मन पालटलं आणि ती काकाला म्हणाली, पोरानं काय मुद्दाम केलंय का, काका.

"तात्या, दाराची किल्ली तुमच्यापाशीच हाय न्हवं?" उदयसिंहनं मध्येच विचारलं.

"हाय," पिराजी म्हणाला. कमरेच्या करगोट्याला ती बांधलेली होती. जुन्या चाळीची किल्ली तानाबाईच्या कमरेला असायची. नवी आली ती त्यानं आपल्या कमरेला बांधली.

"मग दार उघडण्याचा प्रश्नच न्हाय," उदयसिंह म्हणाला, आणि मशीनवाल्याचं नाव काढून परत करवादला.

आतून चिमणाबाईचा आवाज आला. मला दोन घास तरी सुखानं गिळू देणार आहात का, वैनींच्या नावचं जेवतेय मी. तिच्या पानापुढं उदयसिंहची बायको तेजस्वी वाढायला बसली होती. ती एवढ्या वेळात सोप्याकडं आली नव्हती. दारातून पिराजीकडं तिनं एकदा बघितलं, आणि परत वड्यांचं ताट उचललं.

सगळी जेवली. आकाराम जेवला नाही, तुळशीच्या कट्ट्यावर बसून राहिला. जेवणं झाल्यावर त्यानं हाक मारली, ती भावाला.

"आण्णा, एकदा सांग. कवा फोडायचं गोदाम?"

"पंधरवडा सरू दे," पिराजी म्हणाला.

आकाराम हसला, पण हसण्यासारखं तोंड नव्हतं त्याचं. त्यानं सगळा पाढा म्हटला. बेंदराला विचारलं तर नागपंचमी होऊ दे. नागपंचमीला विचारलं तर गणपती उठू देत. आता पंधरवडा. मग घट बसतील, मग दिवाळी. सगळ्या गावाला वाटतंय की पिराजी भाव चढायची वाट बघतोय. आणि मलाबी तेच वाटतंय. तुझा कांदा आत सुखात हाय, तू बसशील वाट बघत. माझ्या कांद्याला मिशा फुटल्या.

"उद्या माझा मी काढून नेतो," तो म्हणाला. "आन् येत्या लावणीपासनं तुमचं तुम्ही, माझं मी."

चिमणाबाई ओटीचे तांदूळ पदरात घेऊन दारात आली होती. ती तिथंच उभी राहिली. क्रांतीनं काका म्हणून हाक मारली. उदयसिंहनं बापाकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पिराजी काहीतरी म्हणेल आणि मग त्याप्रमाणं होईल, अशी ती बघत होती.

पिराजी उठला, पायात पायताण घातलं आणि परसाच्या दारानं माळाकडं निघाला. त्याची ती वेळच होती.

पाऊस नव्हता, पण आभाळ उतरलेलं होतं आणि गवत पोटऱ्यांना ओलं लागत होतं. गोदामाच्या पत्र्याच्या भिंतीला हात लावला की आतल्या पंख्याची थरथर लागायची. पिराजीनं कुलूप काढलं. दार जड होतं, कडेला रबर लावलेलं. उंबऱ्याजवळ बांधावरचा एक दगड त्यानं आणून ठेवला होता. दार वीतभर उघडं राहील असा तो दगड पायानं सरकवला, आणि आत जाऊन पालथ्या क्रेटवर बसला.

दार पुरं लावून तो एकदाच बसला होता. कान बंद झाल्यासारखे झाले आणि कुणीतरी पेटीत घातल्यासारखं वाटलं. तेव्हापासून दगड. शिवाय दार थोडं उघडं राहिलं तर कांद्यालाही बरंच, असं त्याला वाटे. कांद्याला वारा लागतो. जन्मभर त्यानं कांद्याला वाराच दिला होता. हे पोरगं दार लावून घ्या म्हणायचं, पण दुपारच्या उन्हाच्या वेळी वीतभर फटीनं काय होणार होतं.

आत उजेड कमी, आणि वास. सडका नाही, कोरड्या सालीचा. पंखा थांबला की ढिगातून एखादी साल सुटल्याची चुरचुर ऐकू यायची. पिराजी आडभिंतीच्या पलीकडच्या ढिगाकडं बघत बसे. तिथला कांदा तानाबाईनं लावलेला होता. पौषात, सकाळच्या गारठ्यात, साडीचा काष्टा मारून ती वाफ्यात बसली आणि रोप चिखलात दाबत गेली. चार बायका हाताखाली होत्या तरी निम्मं रान तिनंच लावलं. पात गुडघ्याला लागायच्या आत ती गेली. उपटणी तिनं बघितली नाही. तिच्या हातचं म्हणून जे काही होतं त्यातली लोणची संपली, शेवया संपल्या, गोधडी क्रांती घेऊन गेली. कांदा तेवढा होता, जसा चैत्रात आत आला तसा. फोडा म्हटलं की त्याच्या तोंडात आपोआप पुढचा सण यायचा. भाव काय चाललाय, हे त्यानं गणपतीनंतर कुणाला विचारलंही नव्हतं.

दाराबाहेर पाऊल वाजलं. तेजस्वी होती. तिनं आत पाय टाकला, दगड उचलून बाहेर ठेवला आणि दार ओढून घेतलं. अंधारात तिनं भिंतीवरचा दिवा लावला.

"मामा, दार उघडं ठेवू नका," ती म्हणाली.

ती कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. लग्न होऊन आली तेव्हा कांद्याची पात आणि लसणाची पात तिला वेगळी ओळखता येत नव्हती, म्हणून चिमणाबाईनं तिची टिंगल केली होती. सासऱ्यासमोर ती फार बोलत नसे. आता तिच्या हातात मोबाइल होता. तिनं तो त्याच्यापुढं धरला. ती रेघ त्यानं सोप्यात दुरून बघितली होती. आता जवळून बघितली.

"ही चढते ती तुम्ही येता तेव्हा. तुम्ही कुलूप लावून घरी येता, चहा घेता, तेव्हा उतरते. गणपतीत तुम्हाला ताप होता, तुम्ही अंथरुणावर होता. ते दिवस बघा. सरळ आहे."

पिराजीनं बघितलं. सरळ होती.

तो म्हणाला, कांद्याला वारा लागतोय, पोरी. तिनं मान हलवली. मग समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं नाही, हिशेबी माणसाला सांगतात तसं. जुन्या चाळीत ओला वारा एका बाजूनं आत येतो आणि दुसऱ्या बाजूनं निघून जातो. इथं आत आला की त्याला बाहेर जायला जागा नाही. पंखा त्याला ओढून घेतो, चरात घालतो आणि खालून ढिगात सोडतो. दाराकडच्या ढिगात आधी. मशीन ते वाळवायला धडपडतं, वाळवून होतंय तोवर दुसरी दुपार.

पिराजी दाराकडच्या कांद्याकडं बघत राहिला. आकारामचा कांदा. त्यात ठिकठिकाणी हिरवं दिसत होतं. रोज त्याच्या बाजूनं जाऊन तो आतल्या ढिगाकडं तोंड करून बसत होता. हा ढीग त्यानं कधी बघितलाच नव्हता.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"नागपंचमीपासून."

"मग बोलली न्हाईस."

"मला वाटलं, बसायला तुम्हाला एवढीच एक जागा आहे. ती कशी काढून घ्यायची. ह्यांनाही बोलले नाही. त्यांनी त्या मेकॅनिकला शिव्या घातल्या, तेव्हा बोलायला पाहिजे होतं. माझं चुकलं." मग ती म्हणाली, "आत्ती असत्या तर पहिल्याच दिवशी हाताला धरून तुम्हाला बाहेर काढलं असतं."

"धरूनच काढलं असतं," पिराजी म्हणाला.

आणखी एक गोष्ट होती, आणि तेजस्वी त्यासाठीच थांबली होती हे त्याला तिच्या उभं राहण्यावरून कळलं. तिनं विचारलं, बियाचं काय करायचं.

कांद्याचं बी त्या घरात विकत आणलेलं नव्हतं. तानाबाईनं ते माहेराहून, संकेश्वराकडून, पदराच्या गाठीत आणलं होतं, आणि दर साली घरचंच धरलं होतं. सगळं गाव काढणीच्या वेळीच मोठे, देखणे कांदे बियाला बाजूला काढायचं. तानाबाई तसं करत नसे. ती म्हणायची, नवरीला वरातीत बघून काय कळतंय, वर्षानं बघा. चाळ फोडली, सगळा कांदा गेला, आणि अगदी तळाला जे उरलं त्यात कोंब नाही, मऊ नाही, साल सुटलेली नाही, असा जो टिकला तो बियाचा. तो दिवाळीच्या पुढंमागं लावायचा, त्याला फुलांचे गोंडे येऊ द्यायचे, त्याचं बी. गेल्या वर्षी तिच्या शेजारी बसून तेजस्वीनं टोपली धरली होती.

"म्हणजे गोदाम फोडल्याशिवाय बी नाही," तेजस्वी म्हणाली. "आणि असाच ठेवला तर आतल्यालाही कोंब येणार. आज ना उद्या येणारच, मामा. मशीन लांबवतं, थांबवत नाही. मग आत्तींचं बी संपलं."

पंखा थांबला. ढिगात कुठंतरी एक साल सुटली. पिराजीनं गुडघ्यावर हात टेकले आणि उठला.

सोप्यात अजून सगळी होती. चिमणाबाई नवऱ्याला हळू आवाजात काहीतरी सांगत होती, आकाराम ऐकत नव्हता. क्रांती आणि उदयसिंह उंबऱ्यावर बसले होते. पिराजी आला तो हातात दगड घेऊन. त्यानं दगड कोंब आलेल्या कांद्यांच्या शेजारी ठेवला आणि करगोट्याची किल्ली सोडून त्यावर ठेवली.

"हा कुठला दगड?" उदयसिंहनं विचारलं.

"दाराचा."

कुणाला लगेच कळलं नाही. उदयसिंहला आधी कळलं. तो मोबाइल काढायला गेला आणि अर्ध्यावरच हात थांबवला. मग क्रांतीला. तिनं तोंडाला पदर लावला. आकाराम दगडाकडं बघत राहिला, मग भावाच्या पायांकडं. पायताणाला सालीचे तुकडे चिकटलेले होते.

"दुपारचा तिथं जात हुतास?"

"व्हय."

"वैनीच्या लावणीपाशी."

"व्हय."

आकारामचा राग त्याच्या हातात राहिला होता, आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. एक कांदा उचलून त्यानं त्याचा कोंब मोडला.

"मला सांगायचं की," तो म्हणाला. "मीबी आलो असतो बसाय." मग कोंब अंगणात फेकून म्हणाला, "आन् दार लावून बसलो असतो. एवढी अक्कल हाय मला."

चिमणाबाईच्या तोंडून हसू निसटलं, आणि मग ती रडायला लागली. पिराजीनं भावाला सांगितलं की तुझा जेवढा बिघडला तेवढा आतल्या कांद्यातला तू घे. आकाराम म्हणाला, वैनीच्या हातचा कांदा मी बाजारात नेऊन विकू काय. मला एक पोतं खायला दे. बाकीचं नंतर बघू. वाटणीचं त्यानं मागं घेतलं असं काही तो म्हणाला नाही. पण परत तो शब्दही त्यानं काढला नाही, आणि थोड्या वेळानं क्रांतीनं वाढून आणलेल्या ताटावर बसला. आमटीचा भुरका मारून म्हणाला, ह्यात कांदा न्हाय.

"आज घालत न्हाईत, काका."

"तेच म्हणतोय."

उदयसिंह बापाच्या शेजारी येऊन बसला. पिराजी म्हणाला, त्या मेकॅनिकला फोन लाव आणि चुकलं म्हणून सांग. आणि गाडी सांग, उद्याच फोडू.

"पंधरवड्यात?" आकारामनं घास थांबवला. "पंधरवड्यात कोण चाळ फोडतंय?"

"पंधरवडा तिचाच हाय," पिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली आणि सगळी माळावर गेली. कुलूप कुणी काढायचं यावर जरा घोटाळा झाला. किल्ली दगडावरून कुणी उचललीच नव्हती. पिराजीनं ती तेजस्वीला आणायला सांगितली आणि आणल्यावर हातात घेतली नाही. तिनंच कुलूप काढलं. दाराकडचा ढीग आधी निवडला. दाराच्या अंगाचा थर वाईट होता, पण आत हात घातल्यावर बराचसा चांगला निघाला, आणि आकारामचा चेहरा दुपारपर्यंत जरा सैल झाला. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, मान वाळवून घातला म्हणून एवढा तरी वाचला. उदयसिंह ते ऐकत कांदा निवडत होता.

मग आडभिंतीच्या फळ्या काढल्या. आतला कांदा घरंगळत पुढं आला, लाल, सालीला चमक, हातात घेतला की खडखडीत. हमालांनी गोण्या भरल्या. पिराजी बाहेर गोणीच्या ढिगावर बसला होता. गाडी भरून गडहिंग्लजच्या वाटेला लागली तेव्हा त्यानं तिकडं बघितलं नाही. दुसरी गाडी आली, तीही गेली. क्रांती मध्येच चहा देऊन गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून जरा थांबली. त्याला वाटलं होतं काहीतरी तुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. दात काढल्यावर जीभ तिथं जाते, तसं मन सारखं आत जात होतं, एवढंच.

हमाल गेले. पंखा चालू होता, रिकाम्या खोलीत त्याचा आवाज मोठा येत होता. फळ्यांवर तळाचा थर उरला होता, घोट्याएवढा. तेजस्वी टोपली घेऊन त्यात बसली. ती तानाबाईचीच टोपली होती, कड उसवून परत बांधलेली. आकाराम दारात टेकून विडी ओढणार होता, ती तिनं त्याला बाहेर ओढायला लावली. दार अर्धं लोटलं.

पिराजी तिच्या शेजारी बसला. बियाचा कांदा त्यानं कधी निवडला नव्हता, ते तानाबाईचं काम. पण कांद्यात जन्म गेला होता, एवढं काय कळणार नव्हतं. त्यानं एक मोठा, गोल, गर्द कांदा शोधला, धोतरानं पुसला आणि टोपलीत टाकला.

तेजस्वीनं तो काढला. मानेवर अंगठा दाबून बघितला, खाली ठेवला.

"नाही, मामा."

त्यानं दुसरा टाकला. तिनं तोही काढला.

"हापण नाही. मान जाड आहे. आत्ती असला घेत नव्हत्या."

"कोंब न्हाय त्याला," पिराजी म्हणाला. "टणक हाय. काय वाईट हाय त्यात?"

"वाईट नाही. बियाला नाही."

बाहेरून आकारामचं हसू ऐकू आलं. माघापासून पिराजीला त्या घरात कुणी नाही म्हटलं नव्हतं. सुनेनं मान वर केली नव्हती, ती कांद्यावरून अंगठा फिरवत होती. एक टोपलीत, दोन बाजूला, एक टोपलीत.

पिराजीनं अजून एक कांदा उचलला. हा लहान होता, सालीचा रंगही फिकट. त्यानं त्याच्या मानेवर अंगठा दाबून बघितला. टोपलीत टाकला नाही. तिच्यापुढं धरला.